आकारामची साक्ष

“मुलीला बीपी, शुगर, फिट, असलं काही?” नानासोंनी बिस्किट चहात बुडवत विचारलं. “बुरा मानू नका. फौजेत उमर गेली माझी. मेडिकल झाल्याबिगर तितं खेचरबी भरती करत न्हाईत.”

सगळे हसले. रंगुबाई हसली. तिची मुलगी प्रांजल पोह्यांच्या बशा गोळा करता करता हसली. पाटणहून बघायला आलेला मुलगा, नानासोंचा राजवर्धन, मोबाइलमधून डोकं वर काढून हसला. प्रश्न आकारामला होता. प्रांजलला वडील नव्हते. मामा म्हणून पुरुषांच्या बाजूला तो एकटाच बसला होता.

आकाराम हसला नाही. त्याने कप खाली ठेवला आणि पाठ सरळ केली.

“व्हय,” तो म्हणाला.

“व्हय म्हंजे?”

“फिट.”

नानासोंचं बिस्किट चहात तुटून पडलं. ते काढायला त्यांनी चमचा मागितला नाही.

“आवं, तसं न्हाई,” रंगुबाई पुढे आली. “चार वर्सं झाली, एकदाबी...”

नानासोंनी पंजा वर केला. “बाई, तुमी थांबा जरा. मी मामांना इचारतोय. मामा, साफ बोला. फिटचा आजार हाय का न्हाई?”

“हाय,” आकाराम म्हणाला आणि गप्प बसला.

नानासो मुलाकडे वळले. “तुला म्हाईत हुतं?”

प्रांजल बशा हातात धरून उभी होती. तिने राजवर्धनकडे पाहिलं. राजवर्धनने मोबाइल खिशात घातला.

“न्हाई,” तो म्हणाला.

प्रांजल बशा घेऊन आत गेली. आतून नळाचं पाणी पडत असल्याचा आवाज येऊ लागला. पाहुणे उठले. भांडण झालं नाही, कोणी आवाज चढवला नाही. नानासो दारात चपला घालताना “प्रभूची इच्छा” म्हणाले. त्यांच्या बायकोने येताना आणलेली साडीची पिशवी दाराशेजारी खुर्चीवर ठेवली होती. ती तिने तशीच, न उघडता, काखेत मारली.

*

या सगळ्याची सुरुवात आधीच्या बुधवारी झाली होती.

आष्ट्यात वीरधवल सरांच्या घराच्या गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये दर बुधवारी संध्याकाळी बायबल अभ्यास चालतो. सर तरुण आहेत, पुण्याला दोन वर्षांचा कोर्स करून आले आहेत. चर्चमधले जुने पाळक उपदेश करतात आणि लोक डुलक्या घेतात, हे त्यांना मान्य नाही. “वचन पाठ करू नका, जगून बघा,” असं ते म्हणतात. प्रत्येक बुधवारी एक वचन द्यायचं, आठवडाभर ते रोजच्या आयुष्यात वापरायचं, आणि पुढच्या बुधवारी उभं राहून काय घडलं त्याची साक्ष द्यायची, अशी त्यांची पद्धत. साक्ष चांगली झाली की लोक टाळ्या वाजवतात. फार चांगली झाली तर सर ती मोबाइलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतात.

आकारामची मोटर रिवाइंडिंगची टपरी आहे. विहिरीवरच्या जळलेल्या मोटरी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची. घरी कोणी नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. बुधवारला तो एकदाही चुकला नव्हता आणि त्याची साक्ष एकदाही धड झाली नव्हती. इतरांच्या आयुष्यात वचनं भराभर उगवत. कोणी सासूला पहिला चहा नेऊन दिला आणि सासू रडली. कोणी भावाला लिहिलेला रागाचा मेसेज पुसला आणि तेवढ्यात भावाचाच फोन आला. आकारामच्या बाबतीत काहीच घडत नसे. उपासाच्या आठवड्यात त्याला पित्त झालं. शत्रूंवर प्रेम करायच्या आठवड्यात तो उभा राहून म्हणाला, “सर, मला दुश्मनच न्हाई कोण.”

“मग शोधा की, आकारामभाऊ,” सर म्हणाले. सगळी शेड हसली. तोही हसला होता.

त्यानंतर हे वचन आलं. होय असेल तर फक्त होय म्हणा, नाही असेल तर फक्त नाही. त्याच्यावर जे काही जोडाल ते सैतानाकडून येतं. सरांनी फळ्यावर ‘जोडाल’च्या खाली दोनदा रेघ मारली.

आकारामला हे वचन लगेच समजलं. त्याच्या टपरीत एक टेस्ट लॅम्प असतो: एका बल्बला जोडलेल्या दोन वायरी. एक कॉइलला लावायची, दुसरी मोटरच्या बॉडीला. बल्ब पेटला तर मोटर गेली, नाही पेटला तर ठीक. खरं तर यात ‘किती’ हा प्रश्न सुटत नाही. इन्सुलेशन थोडं खराब आहे की पार गेलंय हे बल्ब सांगत नाही. त्यासाठी आकडा दाखवणारं वेगळं मीटर लागतं. तेही आकारामकडे होतं, पण कोणी फारच हटून बसल्याशिवाय तो ते बाहेर काढत नसे. बल्बवर त्याचं आयुष्य निघालं होतं.

गुरुवारपासून त्याने सुरुवात केली. “मोटर कवा मिळंल?” असं कोणी विचारलं की पूर्वी तो “उद्या” म्हणायचा. आता तो “उद्या न्हाई” म्हणू लागला.

“मग कवा?” बेदाण्याच्या शेडवरून मोटर घेऊन आलेल्या जयपालने विचारलं.

“सोमवारी.”

“अरं गड्या, निदान उद्या तरी म्हण की. घरी सांगायला बरं पडतंय.”

“न्हाई.”

“हेला काय झालंय आज?” जयपालने शेजारच्या पानवाल्याला विचारलं आणि मोटर उचलून दुसऱ्या टपरीवर नेली. तिथे त्याला “उद्या” असं उत्तर मिळालं. तो खूश झाला.

आकारामला हे सांगण्याजोगं वाटलं नाही. मोटरीची साक्ष ऐकून कोण टाळ्या वाजवणार? शनिवारी रंगुबाईचा निरोप आला: उद्या दुपारी पाटणची मंडळी येणार आहेत, मामाने बसायला यायचं.

तो गेला तेव्हा रंगुबाईने त्याला दारातच गाठलं. “हे बघ, तिच्या दुखण्याचं इचारलं तर तिलाच बोलू दे. ती नीट सांगती. गोळीचं नाव, डॉक्टरचं म्हणणं, समदं. तू आपला च्या पी.”

“बरं अक्का,” तो म्हणाला होता.

नानासोंनी प्रश्न विचारला तेव्हा हे सगळं त्याच्या लक्षात होतं. “तिलाच इचारा” एवढं म्हणता आलं असतं. पण ‘फिट’ हा शब्द कानावर पडला आणि त्याला बुधवार दिसला. गच्ची, पत्र्याची शेड, सरांच्या हातातला मोबाइल. आपण उभे आहोत आणि कोणी हसत नाही. हे सगळं एका क्षणात झालं, आणि पुढच्या क्षणी त्याने पाठ सरळ केली.

*

पाहुण्यांची गाडी गेल्यावर रंगुबाईने दार लावून घेतलं.

“मी तुला काय सांगिटलं हुतं?”

“अक्का, त्यांनी मला इचारलं. मी खोटं बोलू?”

“खोटं कोण बोल म्हणलं तुला? चार वर्सं फिट आली न्हाई, हे खोटं हाय? गोळी घेऊन ती रोज सांगलीला जाती, लॅबमधी सुया टोचती, लोकांचं रगत तपासती, हे खोटं हाय?”

“न्हाई.”

“मग ते का सांगिटलं न्हाईस?”

“ते अधिक झालं असतं.”

“काय झालं असतं?”

“वचनात हाय, अक्का. व्हय न्हाईतर न्हाई. म्होरं काय जोडायचं न्हाई.”

रंगुबाई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी त्याला काखेत घेऊन ती मिशनच्या शाळेत जायची, कारण घरी सांभाळायला कोणी नव्हतं.

“तुझं त्वांड धुयाला माझ्या पोरीचं पाणी वापरलंस व्हय रं,” ती म्हणाली. “जा आता. झालं ना स्वच्छ? जा.”

आतून प्रांजल बाहेर आली नाही. आकारामने चपला घातल्या. त्याला खरोखर वाईट वाटत होतं. पण त्या वाईट वाटण्याखाली एक हलकेपणाही होता, अंघोळ करून आल्यासारखा, आणि तो जात नव्हता. वाटेत त्याने त्यावर विचार केला आणि ठरवलं की हा आत्म्याचा आनंद असणार.

*

बुधवारी सरांनी स्वतःच त्याचं नाव घेतलं. बातमी आधीच पोहोचली होती.

आकाराम उभा राहिला. आज त्याचा आवाज लागला होता. पाहुणे आले, त्यांनी विचारलं, मला गप्प बसता आलं असतं, सख्ख्या बहिणीच्या लेकीचा प्रश्न होता, तरी मी ‘व्हय’ म्हणालो. लग्न मोडलं. अक्का बोलत नाही. तरी मी एक शब्द कमी केला नाही, एक शब्द जास्त केला नाही.

शेडमध्ये कोणी हसलं नाही. मागून एक बाई “आमेन” म्हणाली, मग सगळेच म्हणाले. सरांचा मोबाइल पहिल्यापासून त्याच्या तोंडासमोर होता.

“नातं मोडलं, पण वचन मोडलं नाही!” सर म्हणाले. “बघा, बंधूभगिनींनो. याला म्हणतात वाढ. आज आकारामभाऊ आपल्या सगळ्यांच्या पुढे गेले.”

टाळ्या वाजल्या. मग सर म्हणाले की त्या मुलीसाठी, तिच्यात जो दुर्बलतेचा आत्मा आहे तो निघून जावा म्हणून, आपण प्रार्थना करू. तीसेक माणसांनी डोळे मिटले आणि प्रांजलच्या अंगातून काहीतरी बाहेर निघण्याची आज्ञा मोठमोठ्याने दिली. आकारामनेही डोळे मिटले. ‘आत्मा न्हाई, आजार हाय, आणि त्योबी ताब्यात हाय,’ हे वाक्य त्याच्या मनात आलं. पण आताच ज्या गोष्टीसाठी टाळ्या मिळाल्या तीच लगेच मोडल्यासारखं झालं असतं. तो आमेन म्हणाला.

*

शुक्रवारी सकाळी तो एसटी स्टँडवर गेला. प्रांजल सांगलीच्या गाडीची वाट बघत उभी होती, खांद्याला डब्याची पिशवी.

“व्हिडिओ बघितला,” ती म्हणाली. “लॅबमधल्या मॅडमनी दाखवला. त्या मिरजेच्या चर्चमध्ये जातात. त्यांना साताऱ्याहून आलेला.”

“मी नाव न्हाई घेतलं तुझं.”

“तुम्हाला भाच्या किती हायत, मामा?”

भाची एकच होती.

“राजवर्धनला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“सगळं. बघायला यायच्या आधी आम्ही बाहेर भेटलो होतो, दुसऱ्या भेटीतच सांगितलं मी. रिपोर्ट दाखवले, डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. घरी मी सांगतो म्हणाला, जरा वेळ दे म्हणाला. त्या दिवशी मी बशा ठेवून बोलणारच होते.”

“मग त्यो न्हाई का म्हणला?”

“त्याला विचारलं, त्यानं उत्तर दिलं. तुम्हाला विचारलं, तुम्ही दिलंत. तुमचं दोघांचं एकेका शब्दात भागलं.”

आकारामने खिशातून मोबाइल काढला. “मी नानासोंला फोन लावतो. पोरगं खोटं बोललं म्हणून सांगतो.”

“सांगा,” प्रांजल शांतपणे म्हणाली. “म्हणजे पुढच्या बुधवारचीबी सोय झाली.”

गाडी आली. प्रांजल चढली. खिडकीशेजारच्या सीटवर बुधवारच्या अभ्यासाला येणारी स्वप्नाली आपल्या लहान मुलीला घेऊन बसली होती. प्रांजलला बघताच तिने मुलीला मांडीवर ओढलं आणि जागेवरून उठली.

“तू बस गं ताई खिडकीला, वारं लागंल,” ती मायेने म्हणाली. मग पलीकडच्या सीटवर जाऊन बसली आणि तिकिटं फाडत येणाऱ्या कंडक्टरला हळूच म्हणाली, “त्यांना फिट येती. जरा लक्ष असू द्या.”

कंडक्टरने प्रांजलकडे पाहिलं. पुढच्या सीटवरचे दोघे मागे वळले.

आकाराम खाली, खिडकीपाशी उभा होता. त्याला सगळं ऐकू आलं. त्याने खिडकीचा गज धरला.

“आवं स्वप्नालीताई, ऐका! येत न्हाई आता. चार वर्सं झाली, एकदाबी आली न्हाई. गोळी रोज घेती ती, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टर म्हणत्यात लगीन, पोरंबाळं, कशाला अडचण न्हाई. करणीचं न्हाई, भुताचं न्हाई, मेंदूतलं दुखणं हाय त्ये, बीपीसारखं. आन् त्या पोराला समदं ठाव हुतं, तिनं सोताच सांगिटलं हुतं...”

“व्हय व्हय, मामा,” स्वप्नालीने मान डोलावली. “प्रार्थना चालू हाय आमची.”

डबल बेल झाली. गाडी हलली. आकाराम गज धरून चार पावलं बरोबर चालला, अजून बोलतच होता. प्रांजलने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याचा हात गजावरून निसटेपर्यंत ती थांबली, आणि मग तिने खिडकीची काच ओढून घेतली.