दोनशे तेहतीस नंबरचं अक्षर

मित्रांनो, संगणकाच्या पोटात माझी ओळख म्हणजे एक आकडा, दोनशे तेहतीस. पडद्यावर मी असा दिसतो: é. रोमन लिपीतला छोटा ई, डोक्यावर तिरकी रेघ.

संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. जुन्या पद्धतीत आम्हा प्रत्येकाला एकेकच आकडा वाटून दिला होता. दोनशे बत्तीस माझा शेजारी, त्याची रेघ उलट्या बाजूला कललेली. पुढे डोक्यावर दोन ठिपके घेऊन बसणारेही होते.

आम्ही सगळे एका फाईलमध्ये राहत होतो. ती गुलाबाच्या रोपवाटिकेची यादी होती. सहाशे चाळीस परदेशी गुलाब, कोणता कुठल्या वाफ्यात, कोणत्या झाडापासून केलेला. मालकीणबाईंनी ती एकटीने लिहिली. मला लिहायला त्यांना एक कळ दाबून धरून चार आकडे टाइप करावे लागत.

मालक हसायचे. "एवढ्याशा रेघेसाठी चार आकडे? गुलाबाला काय कळतंय?"

"अहो, तुमच्या आडनावावरचा रफार उडवते मग. तुम्हाला तरी कळतंय का बघू."

मालक चहा ठेवायला उठायचे.

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या. वर्षभर फाईल कोणी उघडली नाही. वाफ्यांतल्या पाट्यांवरची शाई उन्हाने उडाली. आता कोणतं झाड कोणतं, हे फक्त आम्हालाच माहीत होतं.

एका सकाळी त्यांच्या मुलीने नवा संगणक आणला आणि आमची फाईल त्यात उघडली. नवी पद्धत वेगळी आहे, मित्रांनो. तिच्यात मला दोन आकड्यांनी लिहितात. एकटा दोनशे तेहतीस दिसला की तिला वाटतं, पुढचे आकडे हरवले. ती तिथे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह काढते. मी जागेवरच होतो, पण दिसत नव्हतो. शेजाऱ्याच्या जागीही तेच चिन्ह.

"बाबा, फाईल खराब झालीये. आईची सगळी नावं फुटलीत," मुलगी म्हणाली. "मी एकेक नीट करत जाते."

तिने दोन नावांत अंदाजाने साधा ई भरला. बाण सेव्हच्या खुणेकडे निघाला. मला घाम फुटत नाही, नाहीतर फुटला असता. सेव्ह केलं की प्रश्नचिन्हंच कायमची लिहिली जातात आणि आमचे आकडे पुसले जातात. मग कुठे मी होतो आणि कुठे शेजारी, हे कोणालाच सांगता येत नाही.

"थांब," मालक म्हणाले.

"अहो बाबा, दुरुस्तच करतेय ना."

"काय बिघडलंय ते तुला माहितीये?"

"नाही."

"मग दुरुस्त कसली करतेस? तिने लिहिलेलं आहे ते. हात नको लावूस. बंद कर."

संगणकाने विचारलं, बदल ठेवायचे का? मुलीने 'नाही' दाबलं.

दुपारी संगणक दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. "फाईल किती जुनी, काका?" एवढंच त्यांनी विचारलं. मग पद्धतींच्या यादीतून जुनी पद्धत निवडली, आणि आम्ही सगळे आपापल्या जागी दिसलो. त्यांनी नव्या पद्धतीने वेगळी प्रत करून दिली. जुनी काढून टाकू का, असं त्या विचारत होत्या.

"राहू दे ती," मालक म्हणाले, आणि चष्मा पुसायला बाहेर गेले.

मित्रांनो, जुन्या फाईलमधला मी अजून एकाच आकड्याने जगतो. कोणी फाईल उघडली की आजही धास्ती वाटते. तुम्हाला कधी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, तर घाई करू नका. काही न बदलता फाईल बंद करा आणि जाणत्या माणसाला विचारा. लिहिणारं माणूस परत विचारायला सापडेलच असं नाही.