सोनेरी तारेचा साक्षात्कार

दुकानाच्या दारात रेटारेटी चालली होती. आत दोन टीव्ही, दोन्हींवर एकच पोपट. डावीकडचा मलूल; उजवीकडचा इतका हिरवा, की खऱ्या पोपटाला न्यूनगंड यावा.

"डावीकडे साधी एचडीएमआय!" विक्रेता ओरडत होता. "संसारी तार! संगणकाची डिस्प्लेपोर्ट तार म्हणजे अर्धा संन्यास. उजवीकडे आमची सोनेरी तार, थेट मोक्ष! थकलेल्या डोळ्यांनाही लख्ख दिसतं. ऑफर फक्त दहा मिनिटं!"

"वाह!" गर्दी म्हणाली. मीही म्हणालो, एकट्यानं गप्प राहणं बरं दिसत नाही.

माझे काकाही वाह म्हणाले; ते सारखे या पायावरून त्या पायावर होत होते. खिशात मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे, आणि हे त्यांनी विक्रेत्याला सांगूनही टाकलं होतं. घरचा टीव्ही धूसर दिसतो, अर्थात तार बिघडली, हे निदान त्यांचंच. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दोष नेहमी यंत्रात शोधायचा.

"ऑपरेशन कशाला, आजोबा?" विक्रेता म्हणाला. "तार लावा, चष्मा फेका. पाचच मिनिटं उरलीत!"

काकांनी पाकीट काढलं, तेवढ्यात त्यांची मुलगी गर्दीतून घुसली. ती सभागृहांत प्रोजेक्टर जोडते.

"बाबा, थांबा." ती विक्रेत्याकडे वळली. "दादा, या दोन तारांची अदलाबदल करते."

"अहो ताई, नाजूक असते ती!"

"मोक्ष आणि नाजूक?"

तिनं तारा उपटून उलटसुलट लावल्यासुद्धा. सोनेरी तार आता डावीकडे. पोपट मलूलच! उजवीकडचा साध्या तारेवरही हिरवागार. मग तिनं रिमोट उचलला. डावा टीव्ही वीजबचतीवर ठेवलेला, उजव्याचा उजेड आणि रंग टोकाला नेलेला. चार बटणं दाबली, पोपट जुळे झाले.

"तारेतून आकडे जातात," ती म्हणाली. "नीट पोचले तर चित्र पूर्ण, नाही तर ते अडखळतं, काळं पडतं. तार रंग चढवत नाही."

"मग घ्यायची कुठली?" कुणीतरी विचारलं.

"तुमच्या दोन्ही यंत्रांत बसेल आणि त्यांचं चित्र पेलेल ती. पाकिटावर लिहिलेलं असतं."

काका खाकरले. "खरं सांगू? मला पोपट दिसलाच नव्हता. झाड वाटलं."

"मग वाह कशाला म्हणालात?" मी विचारलं.

"सगळे म्हणत होते ना!"

मुलीनं त्यांचा दंड धरला आणि सरळ डोळ्यांच्या दवाखान्याची वाट धरली.

तेव्हा मंडळी, उद्या कुणी चमत्कार दाखवला, तर घाईनं वाह म्हणू नका. तारा बदलून दाखव म्हणा. चमत्कार तारेत असेल, तर तो तारेबरोबर हलेल.