स्पीकर कमानीपासून लांब

सुलेखाताई जर्मनीत आखनला लेकाकडे, यशोधनकडे येऊन महिना होत आला, तरी सून नेमकं काय करते ते त्यांना धड सांगता येत नव्हतं. ऊर्मिला तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत जुन्या बांधकामांना बसणाऱ्या हादऱ्यांवर पीएचडी करत होती. लग्नानंतर सून शिकायला परदेशी जाते आणि मुलगा तिच्यामागे नोकरी शोधत जातो, यावरून सांगलीत नातेवाइकांनी भरपूर तोंडसुख घेतलं होतं. सुलेखाताईंनी मुकाट्याने ऐकून घेतलं होतं.

मे महिन्यात ऊर्मिलाला कामासाठी स्पेनमध्ये तारागोनाला जायचं होतं. यशोधनला सुट्टी नव्हती.

"आई, तुम्हीच चला ना. समुद्र आहे, रोमन लोकांनी वसवलेलं गाव आहे."

"अगं, तुझ्या कामात माझी लुडबुड कशाला?"

"लुडबुड कसली! मला सोबत होईल."

तारागोनाचं ॲम्फिथिएटर बघून सुलेखाताई जागीच थांबल्या. उतारावर कोरलेल्या दगडी पायऱ्या, खाली लंबगोल रिंगण, आणि पलीकडे लगेच निळाशार समुद्र. ऊर्मिलाने डोक्यावर हेल्मेट चढवलं, दोरी ओलांडली आणि एका जुन्या कमानीवर चिकटवलेल्या सेन्सरांच्या वायरी लॅपटॉपला जोडल्या.

शनिवारी तिथे गाण्याचा मोठा कार्यक्रम होता. त्याचा आयोजक, पांढरा कोट घातलेला एक उंच गृहस्थ, कपाटाएवढे दोन स्पीकर त्या कमानीलाच खेटून लावून घेत होता. ऊर्मिलाने त्याला एक गाणं पूर्ण आवाजात लावायला सांगितलं. ड्रम सुरू झाले तसं पायऱ्यांवर बसलेल्या सुलेखाताईंच्या पोटात धडधडलं. स्क्रीनवरची रेघ उसळून लाल पट्ट्यात गेली.

"इथे चालणार नाही," ऊर्मिला इंग्रजीत म्हणाली. "स्पीकर हलवा."

"दोन हजार वर्षं उभी आहे ही कमान. एका कार्यक्रमाने काय होणार?"

"तिला तडा गेलाय. हलवल्याशिवाय मी कार्यक्रमाच्या परवानगीवर सही करणार नाही."

तो हसला. "मग मी तुझ्या प्रोफेसरांशीच बोलतो."

त्याने तिथल्या तिथे आखनला फोन लावला, हातवारे करत तक्रार सांगितली आणि फोन तिच्याकडे दिला. ऊर्मिला जर्मनमध्ये बोलू लागली. "या... या, गेनाऊ..." म्हणजे 'हो, अगदी बरोबर', एवढंच सुलेखाताईंना कळत होतं. पोरीचे कान लालबुंद झाले होते, पण आवाज एकदाही चढला नाही. आता ही नमतं घेणार, असं सुलेखाताईंना वाटलं. आपण घेतलंच असतं.

ऊर्मिलाने फोन स्पीकरवर टाकला. प्रोफेसर सावकाश इंग्रजीत म्हणाले, "मी इथे आहे, ती तिथे आहे. मोजमाप तिने घेतलंय. ती सांगेल तेच आमच्या युनिव्हर्सिटीचं म्हणणं."

आयोजकाने फोन परत घेतला. मग त्याने आपल्या चार माणसांना हाक मारली.

स्पीकर रिंगणाच्या मध्यावर नेले, तिथेही रेघ उसळली. चारही माणसं घामाघूम झाली, एकाने तर डोक्याला हात लावला. ऊर्मिला मात्र हटली नाही. समुद्राच्या बाजूला नेल्यावर कुठे रेघ शांत राहिली. तिने सही केली. आयोजकाने हात मिळवला आणि सुलेखाताईंकडे बघून विचारलं, "तुमची मुलगी?"

"सून," त्या मराठीतच म्हणाल्या आणि ताठ उभ्या राहिल्या. मग त्याला कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाल्या, "माय सन्स वाइफ. इंजिनिअर."

तो गेल्यावर त्या सुनेजवळ आल्या.

"भीती नाही वाटली गं?"

"वाटली की. हात बघा." हात बर्फासारखा गार होता. सुलेखाताईंनी तो दोन्ही हातांत धरून चोळला.

"तो तडा मला दाखव बरं."

ऊर्मिलाने आपलं हेल्मेट काढून त्यांच्या डोक्यावर घातलं आणि हाताला धरून त्यांना कमानीपाशी नेलं. दगडांच्या सांध्यातून केसाएवढी बारीक रेघ वर गेली होती. चष्मा सावरत सुलेखाताईंनी ती खालून वरपर्यंत पाहिली.

"एवढासाच?"

"एवढासाच."

"आणि एवढ्याशासाठी त्या कोटवाल्याला दोनदा सामान उचलायला लावलंस!" त्या मोठ्याने हसल्या, इतक्या की पायऱ्यांवरचे दोन-तीन प्रवासी वळून बघू लागले. सुलेखाताईंनी त्यांनाही मान डोलावून दाखवली आणि सुनेच्या पाठीवर सणसणीत थाप मारली.