इगोंबाचे तीन, साहेबाचे नऊ

मित्रांनो, इगोंबा गावात मला सगळे घंटा म्हणतात, पण मी घंटा नाही. मी रुळाचा एक जुना तुकडा आहे. लांबीला जेमतेम दोन हात आणि एका टोकाला वेडावाकडा तुटलेला. आंब्याच्या फांदीला साखळीने टांगून मला लोखंडी दांड्याने ठोकतात, म्हणून हे नाव पडले. मी कधी तक्रार केली नाही. रूळ म्हणून माझी नोकरी फार थोडी झाली, घंटा म्हणून मात्र जन्म गेला.

मी घडलो जर्मनीतल्या भट्टीत. आज ज्या देशाला तुम्ही टांझानिया म्हणता, तिथे तेव्हा जर्मनांचे राज्य होते. बोटीतून मी दार एस सलामच्या किनाऱ्यावर उतरलो. तेव्हा मी चांगला लांबलचक होतो आणि मला उचलायला आठ-दहा माणसे लागत. ती माणसे इथल्या न्यामवेझी जमातीची होती. त्यांच्या आज्या-पणज्यांनी हस्तिदंत खांद्यावर घेऊन महिनोन्‌महिने समुद्राची वाट तुडवली होती. खांद्यावरून माल वाहायचा त्यांचा धंदा मी बुडवणार होतो, आणि मला वाहून आणले त्यांनीच! उन्हात मी इतका तापे की हात लावणाऱ्याची कातडी सोलून निघे. तरी एक जण पुढे गात असे आणि बाकीचे त्या गाण्यावर पाऊल टाकत. मी भट्टीतून निघालेला, मला कशाचे कौतुक वाटणार? पण तेव्हा मी मनात म्हटले, ही माणसे आहेत तरी कोण? हा प्रश्न आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

चारच वर्षे माझ्यावरून गाड्या धावल्या. मग पहिले महायुद्ध इथवर आले. मागे हटणाऱ्या जर्मनांनी रूळ सुरुंग लावून उडवले आणि माझा हा तुकडा गवतात जाऊन पडला. त्यानंतर बेल्जियमचे सैन्य आले, मग इंग्रज आले. साहेबांच्या टोप्या बदलल्या, वेठबिगार काही बदलली नाही.

गवतातून मला उचलले मिहायोने. मला खांद्यावरून आणणाऱ्यांत तो एक होता. त्या वेळी तो विशीतला असेल. त्याने मला आंब्याला टांगले आणि तो माझा धनी झाला. धनी म्हणजे काय, रोज मला बडवणारा! त्याच्यापाशी घड्याळ नव्हते. आंब्याची सावली पाहून तो ठोके द्यायचा आणि पंचक्रोशी त्या ठोक्यांवर चालायची.

इथली वेळ कशी मोजतात ते सांगायला हवे, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. आमच्याकडे बारा महिने सूर्य जवळजवळ एकाच वेळी, इंग्रजांच्या सहाच्या सुमारास, उगवतो. तो उगवून एक तास झाला की वाजला एक. दोन तास झाले की दोन. इंग्रजांचे सकाळचे नऊ म्हणजे आमचे तीन, आणि आमचे नऊ म्हणजे इंग्रजांचे दुपारचे तीन. इथे राहिलेल्या जुन्या साहेबांना हे पाठ होते. नवा साहेब आला की मात्र पहिले काही महिने गंमत चाले. कुणाची न्याहारी दुपारी जेवायच्या वेळी येई, कुणी भर दुपारी कोर्ट भरवायला येऊन रिकाम्या बाकांवर ओरडे.

पण एकदा ही गंमत गावाच्या जिवावर बेतली. एकोणीसशे पन्नासनंतरचे एक वर्ष होते ते. गावाच्या उत्तरेला मोठे रान आहे. तिथे एकसष्ट घरांनी झाडांच्या सालीच्या पोकळ पेट्या फांद्यांवर बांधल्या होत्या. मधमाश्या त्यांत पोळी धरत आणि त्या मधावर गाव जगे. सरकारने ठरवले की हे रान जाळून साफ करायचे आणि गोऱ्यांना तंबाखूच्या मळ्यांसाठी द्यायचे. गावाने अर्ज केले, उत्तर आले नाही. तेवढ्यात बातमी आली की जगातल्या सगळ्या देशांनी मिळून नेमलेले पाहुणे या देशाचा कारभार तपासायला आले आहेत. नव्याने घातलेल्या रुळांवरून येणारी त्यांची आगगाडी इगोंबाला तासभर थांबणार आहे. ज्याला काही सांगायचे असेल त्याने तिथे येऊन सांगावे.

पाहुण्यांना द्यायचा गावाचा अर्ज कलुंदेने लिहून घेतला. ही बाई विधवा. नवरा गेल्यावर त्याच्या पेट्या तिने स्वतः सांभाळल्या. कमरेला गुंडाळलेले रंगीत वस्त्र, म्हणजे कांगा, खोचून ती झाडावर चढायची तेव्हा पुरुष खालून हसायचे, "अगं, उतर खाली, माश्यांना लाज वाटते!" ती वरून म्हणायची, "त्यांना वाटू दे. तुम्हाला कधी वाटणार?" पुढे त्याच पुरुषांनी तिच्या कागदावर मुकाट्याने अंगठे उठवले.

आमचा साहेब तेव्हा पेनरोझ नावाचा तरुण होता. नुकताच आलेला आणि आपल्याला इथली स्वाहिली भाषा येते यावर फार खूश असलेला. पाहुण्यांच्या वेळेची सूचना त्याने कारकुनाला लिहू दिली नाही. स्वतः लिहिली आणि आंब्याच्या खोडावर लावली. त्यात ठसठशीत अक्षरांत होते: नऊ वाजता.

लोकांनी वाचले, नऊ. म्हणजे ऊन कलल्यावर. कुणाला शंका येण्याचे कारणच नव्हते. त्या दिवशी सकाळी सगळे नेहमीप्रमाणे रानात आणि शेतात गेले. मिहायोने माझ्यावर दोन ठोके दिले आणि तो सावलीत पाय पसरून बसला. आता त्याचे केस पांढरे झाले होते आणि सगळे त्याला मझे म्हणत, म्हणजे वडीलधारे.

थोड्याच वेळात पेनरोझ आला. पांढरा कडक गणवेश, डोक्यावर पिसांची टोपी. शिपायांनी झाडाखाली खुर्च्या मांडल्या. त्याने चहूकडे पाहिले आणि विचारले, "मझे, लोक कुठं आहेत?"

"येतील की ब्वाना," मिहायो म्हणाला. इथे साहेबाला ब्वाना म्हणतात. "अजून सहा-सात तास आहेत."

"सहा तास? गाडी अर्ध्या तासात येतेय! मी लिहिलंय ना, नऊ?"

मिहायोने त्याच्या मनगटावरचे घड्याळ पाहिले. मग हळूच म्हणाला, "ब्वाना, ते तुमच्या मनगटावरचे नऊ. आमचे नऊ अजून आंब्याच्या पलीकडे आहेत."

पेनरोझचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो, पण चूक कबूल करायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, "आता काय करणार? ते तासभर थांबतील. कुणी आलं नाही तर इगोंबाची काही तक्रार नाही असं लिहून पुढं जातील."

मिहायो उठला. त्याने दांडा हातात घेतला. तो काय करणार हे मला कळले होते. ठोके मोजून दिले तर ती वेळ. न मोजता सारखे ठोकले तर वणवा. उगाच वणव्याचे ठोके देणाऱ्याला पंधरा दिवस खडी फोडायची शिक्षा होती, आणि हा नियम गावाला वाचून दाखवणारा मिहायोच होता.

"मझे, दांडा खाली ठेवा," पेनरोझ म्हणाला. "मला तुम्हाला पकडावं लागेल."

"पकडा ना. पण हात दुखेपर्यंत थांबा जरा."

आणि त्याने मला बडवायला सुरुवात केली. इतकी वर्षे मी मार खाल्ला, पण तसा कधीच खाल्ला नाही. पासष्टीच्या म्हाताऱ्यात एवढे बळ कुठून आले कोण जाणे. आंब्यावरचे सगळे पक्षी उडाले, माझी साखळी करकरली, आणि माझा आवाज टेकडीवर आपटून परत आला.

मग मी जे पाहिले ते सांगताना आजही मी थरथरतो. आधी रानाच्या कडेला धूळ दिसली. मग माणसे दिसली. दोघे नाहीत, चौघे नाहीत, शेकडो! पुरुष ओल्या फांद्या घेऊन धावत होते. बाया डोक्यावर पाण्याचे हंडे घेऊन धावत होत्या आणि थेंबही सांडत नव्हता. एक म्हातारी तर हातात नुसते गाडगे घेऊन निघाली होती. उत्तरेकडून, नदीकडून, शेतांतून सगळे गाव माझ्याकडे येत होते. मी फक्त लोखंड, आणि माझ्या एका हाकेला एवढी माणसे जिवाची पर्वा न करता आगीत उडी टाकायला आली होती. मला माझीच भीती वाटली.

नेमके त्याच वेळी पाहुणे गाडीतून उतरून झाडाखाली आले. समोर हंडे घेतलेला, धापा टाकणारा जमाव! त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ घाबरून काही तरी बोलले. पेनरोझने आमच्या भाषेत विचारले, "हे विचारतात, आग कुठं लागली?"

सगळे मिहायोकडे पाहू लागले. तो एवढेच म्हणाला, "कलुंदे, पाहुणे लवकर आले गं. बोल."

कलुंदेच्या लक्षात आले. तिचा कागद घरी राहिला होता. वणवा विझवायला निघालेले माणूस अर्ज कशाला बरोबर घेईल? तिने डोक्यावरचा हंडा उतरवून पाहुण्यांच्या खुर्चीसमोर ठेवला.

"आग लागायची आहे अजून," ती म्हणाली. "सरकार आमचं रान जाळणार आहे, तंबाखूसाठी. आम्ही पाणी घेऊन आधीच आलोय."

ते गृहस्थ खुर्चीत बसले आणि त्यांनी वही उघडली. त्यांनी विचारले, किती जणांचे नुकसान होणार? आणि कलुंदे नावे सांगू लागली. कुणाचे घर, कोणत्या झाडावर किती पेट्या, कुणाच्या आज्याने बांधलेल्या. पेनरोझ इंग्रजीत सांगत होता. मला इंग्रजी येत नाही, पण नावे मला कळत होती. त्याने ती वेडीवाकडी उच्चारली, पण एकही गाळले नाही.

चाळीस नावे झाली आणि मिहायोने सावलीकडे पाहिले. चार वाजत आले होते. चार ठोके ऐकले की गाडीने शिट्टी द्यायची, असे पेनरोझनेच गार्डला सांगून ठेवले होते. मिहायोने दांडा उचलला. पंचेचाळीस. पन्नास. सावली खुणेवर आली, खूण ओलांडून गेली. ज्या माणसाने तापातसुद्धा एक ठोका चुकवला नव्हता, तो दांडा वर धरून तसाच उभा होता. पेनरोझने मनगटावरच्या घड्याळात पाहिले. मग मिहायोकडे पाहिले. मग तो कलुंदेकडे वळून म्हणाला, "पुढचं नाव?"

एकसष्टावे नाव लिहून झाले, तेव्हा माझ्यावर चार ठोके पडले.

वणव्याच्या खोट्या ठोक्यांसाठी मिहायोला पंधरा दिवस खडी फोडावी लागली. पेनरोझने नियम पाळला. उशिरा पडलेल्या चार ठोक्यांबद्दल मात्र त्याने चकार शब्द काढला नाही. त्या पंधरा दिवसांत गावातल्या कुणीही दांड्याला हात लावला नाही. कचेरीत कुणी वेळेवर येईना. साहेब चिडला की लोक भोळेपणाने म्हणत, "ब्वाना, आज अजून वाजलेच नाहीत!"

पावसाळ्यानंतर सरकारचा कागद आला. रान जाळायचे रद्द झाले होते. मळे दुसरीकडे कुठे तरी गेले, दुसऱ्या कुणाच्या तरी रानात. त्यांच्याकडे ठोकायला काही होते की नाही, मला माहीत नाही.

एकोणीसशे एकसष्ट साली देश स्वतंत्र झाला. त्या सकाळी कचेरीवर नवा झेंडा होता आणि झेंड्याखाली आमच्याच रंगाचा नवा साहेब. सूर्य उगवून तास होत आला तसे सारे गाव झाडाखाली जमले. नव्या साहेबाने विचारले, "मझे, घड्याळात सात झालेत. किती ठोके देणार?"

"एक," मिहायो म्हणाला. "आत्ता तर उजाडलंय."

त्याने एकच ठोका दिला. तो विरेपर्यंत कुणी हलले नाही. स्वतंत्र देशाचा पहिला तास माझ्या अंगातून निघून रानावरून गेला, आणि मी तुटका असूनही मला त्या क्षणी अखंड वाटले.

चार वर्षांनी मिहायो गेला. आणखी काही वर्षांनी आपल्याच सरकारने ठरवले की विखुरलेल्या लोकांनी मोठ्या रस्त्याकडेला एकत्र राहावे. शाळा होईल, दवाखाना होईल. शाळा झालीही. पण आधी लॉऱ्या आल्या, घरांची छपरे उतरवली गेली, आणि ज्यांना जायचे नव्हते त्यांनाही नेले. म्हातारी कलुंदे रानाकडे बघत लॉरीत चढली. मी आंब्यावरच होतो. दांडा माझ्याखालीच पडलेला होता. त्या दिवशी कुणी हंडा घेऊन धावले नाही, कारण कुणी मला वाजवलेच नाही. गोऱ्या साहेबापुढे न डगमगलेली माणसे आपल्या माणसापुढे गप्प का राहिली, हे मला अजून कळलेले नाही.

पुढे मलाही आंब्यावरून उतरवून आणले, आणि आता मी त्या नव्या शाळेच्या व्हरांड्यात आहे. मुले मला आवडीने ठोकतात. मित्रांनो, मला तेल लावा, गंज पुसा, अशी विनवणी मी करणार नाही. लोखंड पुष्कळ टिकते. माझे मागणे एवढेच आहे की माझ्याखालचा दांडा कधी हरवू देऊ नका. आणि ज्या दिवशी तो उचलायला भीती वाटेल, त्या दिवशी तर नक्की उचला. मी आपणहून वाजू शकत नाही.