वाकडी भुवई

मी एक जुना, चिनी मातीचा, पाण्याचा जग आहे. पण मला साधासुधा समजाल तर याद राखा! कृष्णधवल सिनेमाच्या काळातल्या एका नामांकित खलनायकाचं तोंड मला दिलेलं आहे. माझ्या हॅटच्या पुढच्या काठातून पाणी पडतं आणि कानामागे धरायची मूठ आहे.

मित्रांनो, आमच्या कारखान्यात अशा नट-नट्यांच्या तोंडाच्या जगांची रांगच लागे. साच्यातून निघालो, भट्टीत भाजून निघालो आणि रंगवणाऱ्या बाईंसमोर आलो. त्यांनी माझी डावी भुवई जरा वर काढली. नमुन्यात दोन्ही सरळ होत्या. चुकलेला जग तिथल्या तिथे फोडायचा, असा नियम. मुकादमाने हातोडी उचललीसुद्धा.

"अहो, खलनायक आहे तो," बाई म्हणाल्या. "भुवई सरळ असती तर नायक नसता का झाला?"

मुकादमाला हसू आवरेना. "न्या घरी तुमचं हे ध्यान!"

तेव्हापासून बाईंच्या जेवणाच्या टेबलावर मी पाणी देतो आहे. त्यांचा मुलगा लहानपणी माझ्या भुवईच्या धाकाने, न सांडता पाणी प्यायचा. माझी भावंडं काचेच्या कपाटांत गेली. त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब कधी गेला नाही. मला त्यांचा हेवा वाटत नाही, कीव येते.

पुढे वयोमानाने बाईंचा हात थरथरू लागला. मुलगा म्हणाला, "आई, एक दिवस फोडशील तू याला. त्यापेक्षा एखाद्या संग्राहकाला देऊ. निदान नीट तरी राहील."

म्हणजे माझ्याही नशिबी काचेचं कपाट!

संग्राहक पांढरे हातमोजे घालून आला. त्याने मला उलटा केला, आतले पाण्याचे डाग पाहून नाक मुरडलं. "भुवई चुकलीय. ती पुसून सरळ करून घेतो. मग कपाटात शोभेल."

बाईंनी मला नळाखाली भरलं, दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्यापुढे पेला भरला. थोडं पाणी हातमोज्यांवर सांडलं.

"प्या," त्या म्हणाल्या. "हात आत्ता थरथरतोय. तेव्हा नव्हता थरथरत. भुवई मी मुद्दाम काढली होती. सरळ भुवया काढून काढून वीट आला होता मला."

इतकी वर्षं मी स्वतःला चूक समजत होतो, मित्रांनो!

मुलगा आईकडे बघतच राहिला. मग त्याने आपला पेला पुढे केला. "मलाही दे."

संग्राहक रिकाम्या हाताने गेला. पुढच्याच आठवड्यात मी नळावर आपटलो आणि हॅटचा टवका उडाला. आता मला कुणी मागायला येत नाही. बरंच झालं.

जुन्या वस्तू जपा, जरूर जपा. पण कपाटाला कुलूप लावलं म्हणजे जपलं, असं मला सांगू नका. मला रोज घासा, भरा, दोन्ही हातांनी उचला. फुटलो तर फुटलो, पण पाणी देता देता फुटेन. आणि तोवर ही भुवई खाली येणार नाही.