उन्हाला भ्यालेला बाप

"काढा ते गोणपाट! घर आहे का भुसार मालाचं कोठार?"

सकाळीच शेजारीण कडाडली आणि माझ्या हातची दुधाची धार चरवीबाहेर गेली. आमची नि त्यांची भिंत एकच, त्यामुळं भांडण ऐकायला मुद्दाम कान लावावा लागत नाही.

तिचा नवरा मोठा कष्टाळू, पण सगळं गाव त्याला शिंक्या म्हणायचं. मळणीचा भुसा उडाला की गडी शिंकून शिंकून बेजार. लहानपणी तर अंगभर गांधी उठायच्या, छातीत शिट्ट्या वाजायच्या. म्हणून पोर झाली तशी त्यानं गाठच मारली, आपला भोग पोरीच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही. धूळ, ऊन, वारा काहीच नको म्हणून खिडकीला दुहेरी गोणपाट, दाराला घोंगडी. ऊन म्हणून आत शिरेना. पोर माठाखालच्या कोंभागत पांढरी पडली. तिच्या बरोबरीची पोरं अंगणात कोंबड्यांमागं धावायला लागली, ही आपली भिंतीला टेकून बसलेली.

"उभी करायला गेलं की पाय दुमडते," शेजारीण म्हणाली. "आणि ते बघा, गालावर चट्टे उठलेच की! एवढं झाकून काय मिळवलं?"

"झाकलंय म्हणून एवढ्यावर भागलं!"

"आगीतनं काढून फुफाट्यात घातलंय पोरीला! आज दवाखान्यात न्यायची म्हणजे न्यायची."

जाताना मलाही बरोबर घेतलं. वाटेत दोघं हमरीतुमरीवर आली तर पोर कुणाच्या हातात द्यायची?

डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या मनगटाची हाडं चाचपली, पाय बघितले, रक्त तपासायला घेतलं. "ही उन्हात किती असते?"

"ऊन लागूच दिलं नाही," शिंक्या छाती काढून म्हणाला.

"शाबास! अहो, उन्हानं अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं. ते कमी पडलं की हाडं मऊ राहतात. मला तोच संशय आहे."

"पण ॲलर्जी झाली म्हणजे?"

"ते कमी असलं तर लहानपणी ॲलर्जीचा धोका वाढतो का, याचाही शोध चाललाय. अजून पक्कं काही नाही, ऊन दाखवलं की चट्टे जातील असंही मी म्हणणार नाही. पण कोंडून ठेवल्यानं टळतं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? आणि गोणपाटाची धूळ घरात झडते, ती कुठं जाते?"

शिंक्याचं तोंड एवढंसं झालं. रक्ताचा निकालही बाईंच्या संशयाला धरूनच आला. थेंबांचं औषध दिलं, चट्ट्यांना मलम दिलं, आणि कोवळ्या उन्हात थोडा वेळ बसवा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बघते तर भर दुपारी हा पोरीला घेऊन अंगणात! दोघं घामानं निथळतायत.

"अहो, पोर आहे का वाळवण?" शेजारीण पळतच आली.

"जास्त ऊन, जास्त औषध!"

"आधी टोपल्याखाली ठेवली, आता तव्यावर! कोवळं म्हणजे काय ते कळतं का?"

मग मात्र गडी वळणावर आला. सकाळी शेतावर जायच्या आधी पोरीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचा. येणारा जाणारा हसायचा, "काय, उन्हाची राखण चाललीय का?" हा म्हणायचा, "व्हय, तुम्हीबी बसा, फुकट हाय." असं करत पावसाळा आला नि गेला. औषध चालूच होतं. पोरीच्या मांड्या हाताला भरीव लागायला लागल्या.

परवाची गोष्ट. पोर अंगणात बसलेली, शेजारी आमची शेळी बसून पाला खात होती. पोरीनं शेळीचा कान धरला. शेळी दचकून उठली, तशी तिच्याबरोबर पोरही उठली. शेळी पुढं सरकली. पोरीनं कान सोडला नाही. एक पाऊल, दुसरं, तिसरं.

शिंक्या ओट्यावर थिजला. डोळे भरून वाहत होते.

"अगं, धर तिला!" तो कसाबसा ओरडला.

शेजारीण चुलीवरचं टाकून बाहेर आली. "कुणाला? शेळीला का पोरीला?"

"कुणालाच नको," तो म्हणाला. "जाऊ दे. जाऊ दे तिला."