तिघांचं तिकीट

धाकटीने साबणाची वडी उचलली आणि ती तशीच हातात धरून न्हाणीघरात उभी राहिली. वडी नवी होती, काल संध्याकाळीच खोली आवरायला येणाऱ्या खोलीवाल्याने ठेवलेली. पण तिच्या पाठीवर आधीच्या साबणाची झिजून पापुद्रा झालेली चकती दाबून बसवली होती, कडा अंगठ्याने नीट लिंपून.

“अहो,” तिने दारातून डोकं बाहेर काढलं. “साबण तुम्ही चिकटवलात?”

नवरा पलंगावर पाय पसरून जहाजाचं माहितीपत्रक वाचत होता. तो रंगाच्या दुकानात कामाला होता, पण कुठलाही कागद हाती पडला की तळाची बारीक अक्षरं आधी वाचायचा, म्हणून घरात त्याला वकीलसाहेब म्हणत.

“मी कशाला चिकटवू? रोज नवा देतायत. जुने जमवून घरी नेऊ.”

“मग कोणी केलं हे?”

“खोलीवाल्याने केलं असेल. सवय असते एकेकाला.”

धाकटीने वडी उलटी करून पुन्हा जागेवर ठेवली. असा साबण चिकटवणारं एकच माणूस तिच्या ओळखीचं होतं, आणि ते जाऊन चार महिने झाले होते.

ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न तिने केलं नाही, धाकटीच्याच घरी मागच्या खोलीत राहायची. दोघींचं एक चिंचोळं दुकान होतं. पँट आखूड करा, चेन बदला, कोपरावर रफू मारा, असली कामं. सहा वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक जहाजाची सफर करून आलं आणि कपडे न्यायला म्हणून थांबलं ते अर्धा तास समुद्राबद्दलच बोलत बसलं. चारी बाजूंना पाणी, म्हणे, आणि जिकडे बघावं तिकडे आभाळ टेकलेलं. ताईने मशीन थांबवून ऐकलं. ताई मशीन थांबवते हेच मुळात नवल. गिऱ्हाईक पायरी उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, “धाकटे, आपण जायचं.”

आणि मग जी काटकसर सुरू झाली, तिला तोड नव्हती. बस सोडली, दोघी चालत दुकानात यायच्या. चहातलं दूध गेलं, मागोमाग साखरही गेली. दुकानातला पंखा गिऱ्हाईक आत आलं की लागायचा आणि बाहेर पडलं की बंद व्हायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय मान ठेवतात बायका! ताईने आपल्या चपलेचा अंगठा इतक्या वेळा शिवला की शेवटी चप्पल कमी आणि दोराच जास्त झाला. वकीलसाहेब चेष्टा करायचे, तेव्हा ती म्हणायची, “पाहुणे, हसा. जहाजावर तुम्हाला वरच्या डेकवर उभं करून हसायला लावते की नाही बघा.”

स्वस्तातलं तिकीट मात्र वकीलसाहेबांनीच शोधलं. एका खोलीत तिघं असतील तर तिसऱ्याचं भाडं माफ, शिवाय पहिल्या दोघांना सूट. खोली जहाजाच्या पोटातली, बिनखिडकीची. दोन पलंग खाली आणि एक भिंतीतून उघडणारा, वर. ताई म्हणाली, समुद्र बघायला वर जाऊ, तिथे कोण पैसे मागतंय. शेवटचा हप्ता भरला आणि अठराव्या दिवशी ती दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या गेली. हातात सुई तशीच होती.

दिवस सरले, तारीख जवळ आली. वकीलसाहेबांनी कागद काढून बारीक अक्षरं पुन्हा वाचली. तिसरं नाव काढलं तर सवलत रद्द, उरलेल्या दोघांनी पूर्ण भाडं भरायचं. भरलेले पैसे परत नाहीत ते नाहीतच.

“राहू दे नाव,” ते म्हणाले. “आपण कळवायचंच नाही. ऐनवेळी आल्या नाहीत म्हणू.”

धाकटीने मान हलवली. ताईचा विषय निघाला की ती पटकन मान हलवून मोकळी व्हायची. त्यामागचं कारण तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

ते कारण असं. शेवटच्या हप्त्याला महिना होता तेव्हा ताई एकदा चालता चालता थांबली. म्हणाली, छातीत भरून आल्यासारखं होतं गं. डॉक्टरने तपासण्या लिहून दिल्या होत्या. चिठ्ठी तिने मशीनवर धाकटीसमोर ठेवली आणि विचारलं, “काय करू?” धाकटी एका कोटाला अस्तर लावत होती. तपासण्यांचा खर्च जवळजवळ हप्त्याएवढाच होता. तिने मान वर न करता म्हटलं, “आल्यावर बघू ना, ताई.” ताईने चिठ्ठी घडी करून ठेवून दिली.

तेव्हापासून धाकटीला पोटभर रडूही येत नव्हतं. आपणच मारलं तिला, असं मनात यायचं आणि ती हातातलं काम जोरात करायला लागायची. इथे जहाजावर हातात कामही नव्हतं.

चढतानाच विचित्र झालं होतं. रांगेत प्रत्येकाला यंत्रासमोर उभं करून चेहरा टिपत होते. दोघं उभे राहिले, सरकले. वकीलसाहेब ‘तिसऱ्या बाई आल्या नाहीत’ म्हणायला तोंड उघडणार, तोच टेबलामागच्या माणसाने दार उघडायची आणि जहाजावरचा खर्च मांडायची तीन कार्डं हातावर ठेवली आणि मागच्यांना पुढे बोलावलं. पडद्यावर तिन्ही नावांपुढे हिरवी खूण होती.

“यंत्र बिघडलंय,” वकीलसाहेब खुशीत कुजबुजले. “आपलं काय जातंय?”

त्या दिवशीच खोलीवाल्याने तीन टॉवेल ठेवले आणि वरचा बिछाना उघडून त्यावर चादर अंथरली. चांगला पोक्त, केस पांढरे झालेला माणूस. धाकटी म्हणाली, वरचा नको, बंद करा. तो म्हणाला, “त्या बाई म्हणाल्या, मी वरच झोपते, खाली या दोघांना होऊ द्या.” वकीलसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, खोल्यांची गल्लत होते यांची, शेकड्यांनी खोल्या आहेत.

आणि आज हा साबण.

न्याहारीला दोघं वर गेले. फुकटची न्याहारी म्हटल्यावर वकीलसाहेबांनी दुपारचीही सोय करून घेतली. दोन उकडलेली अंडी आणि पाव कागदी रुमालात गुंडाळून तिच्या पिशवीत सरकवला. वाढपी तिसरी बशी उचलत होता.

“ती कोणाची?” धाकटीने विचारलं.

“तुमच्या बाईंची. लवकर खाऊन गेल्या. विचारत होत्या, पाण्याचे वेगळे पडतात का. मी म्हटलं, साधं पाणी फुकट आहे. तर दोन पेले प्यायल्या.”

वकीलसाहेबांनी चमचा खाली ठेवला आणि उगाचच चष्मा पुसला.

“हे बघ,” खोलीत आल्यावर ते म्हणाले, “मी याचा लेखी खुलासा मागू शकतो. पण मग आपण तिघांच्या तिकिटावर दोघं आलोय हे बाहेर येईल. तेव्हा गप्प बसणं उत्तम.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“कसली भीती? माणसं चुका करतात.” ते न्हाणीघरात गेले. दोन मिनिटांनी आतून ओरडले, “अगं, दिवा काय मालवतेस सारखा! दाढी करतोय मी!”

दिव्याचं बटण न्हाणीघराच्या दाराबाहेर होतं. धाकटी पलंगावर बसलेली होती, बटणापासून चार हात लांब. तिने उठून दिवा लावला. पुन्हा बसेपर्यंत तो टक् करून मालवला. त्यानंतर वकीलसाहेब अर्धवट दाढीनेच बाहेर आले आणि दिवसभर चुकांबद्दल काही बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी जिन्याजवळच्या भिंतीवर फोटो लागले. जहाजाचा फोटोवाला चढताना सगळ्यांचे काढायचा आणि मग विकायला लावायचा. एका फोटोची किंमत दुकानाच्या आठवड्याच्या कमाईएवढी. बघायला पैसे पडत नव्हते, म्हणून दोघांनी आपला शोधून काढला. दोघं उभे होते, हसत होते. मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. धाकटीचा हात कोपरात वाकलेला होता, कोणाच्या तरी दंडाला धरल्यासारखा. असा हात आपण कधी धरला, हे तिला काही केल्या आठवेना.

आता तिला एकच प्रश्न छळू लागला. आली आहे ते कळलं. पण कशासाठी आली? समुद्र बघायला आली असेल तर बघू दे, पोटाला चिमटे काढून तिनेच तो विकत घेतलाय. पण राग धरून आली असेल तर? सहा वर्षं एका मशीनला मशीन लावून बसलो आणि मी तिच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ती झोपून वरच्या बिछान्याच्या फळीकडे बघत राहायची. फळी मधोमध किंचित खाली आलेली असायची.

पाचव्या दिवशी जहाज एका बंदराला लागलं. जहाजाच्या गाडीने फिरायला जादा पैसे होते, म्हणून वकीलसाहेब पायीच गाव बघायला उतरले. धाकटीचे गुडघे दुखत होते. ती मागे राहिली. दुपारी वरून समुद्र बघून ती खालच्या मजल्यावरून खोलीकडे निघाली, तर दवाखान्याच्या दारातून परिचारिकेने हाक मारली.

“अहो बाई! तुम्ही त्या टोकाच्या खोलीतल्या ना? तुमच्या त्या बाई कशा आहेत आता?”

धाकटी थांबली. “कोण बाई?”

“वयस्कर आहेत बघा, बारीक अंगाच्या. सकाळी आल्या होत्या. म्हणाल्या, छातीत भरून येतं. मी म्हटलं बसा, छातीच्या ठोक्यांची पट्टी काढू, डॉक्टर बघतील. तर आधी विचारलं, किती लागतील?” परिचारिका हसली, पण तिच्या कपाळावर आठी होती. “आकडा सांगितला तशा उठल्याच. म्हटलं, अहो, असं जाऊ नका. तर म्हणाल्या, धाकटीला विचारून येते.”

धाकटीने दाराची चौकट धरली.

“केव्हाची वाट बघतेय मी,” परिचारिका म्हणाली. “आल्याच नाहीत. त्यांचा रंग मला बरा नाही वाटला. विचारलं का त्यांनी तुम्हाला?”

“विचारलं,” धाकटी म्हणाली. मग तिने पुन्हा म्हटलं, “विचारलं होतं तिने.”

मग ती आत गेली आणि आपलं कार्ड टेबलावर ठेवलं.

“यावर लिहा पैसे.”

“अहो, आधी त्यांना आणा तर खरं. तपासल्याशिवाय कसे घेऊ?”

“आधी घ्या. पट्टीचे घ्या. आणखी काय काय असतं? रक्त? छातीचा फोटो? जे जे असेल ते सगळं लिहा.”

“बरेच होतील हो बाई.”

“होऊ द्यात.”

परिचारिकेने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने कार्ड यंत्राला लावलं. कागदावर आलेला आकडा धाकटीने वाचला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिने किंमत न बघता सही केली.

खोलीत भर दुपारी मिट्ट काळोख होता. बिनखिडकीची खोली, दिवा नसला की दिवस आणि रात्र तिथे सारखेच. धाकटीने दिवा लावला नाही. दार मागे लोटलं आणि पाठ टेकून उभी राहिली. खूप भीती वाटत होती तिला, खोटं कशाला बोला. वर कोणीतरी दम खात श्वास घेत होतं. तो श्वास ती ओळखत होती.

“ताई,” ती म्हणाली.

श्वास थांबला.

“मी चुकले गं ताई. तू विचारलंस तेव्हा मला हप्ता दिसत होता, तू नाही दिसलीस.” चार महिने अडलेलं रडू आत्ताच कुठे यायला लागलं होतं, पण ते तिने मागे सारलं. रडण्यात वेळ गेला असता. “ऊठ. दवाखान्यात जायचंय.”

वर काही हललं नाही. धाकटीला ठाऊक होतं ताई काय विचारणार ते. आपली बहीण ती, जन्माची ओळखते.

“काही लागत नाही गं,” ती म्हणाली. “फुकट आहे. तिकिटातच धरलंय सगळं. मी बारीक अक्षरं वाचून आले.”

आयुष्यात ताईशी ती खोटं बोलली नव्हती. तिने काळोखात हात वर केला आणि तसाच धरून ठेवला, खांदा भरून येईपर्यंत.

मग ती दार उघडून बाहेर पडली. दवाखाना तसा लांब नव्हता, तरुण पावलांना मिनिटभराचा रस्ता. धाकटी भिंतीच्या कडेकडेने, एकेक पाऊल टाकत, कोपरात हात वाकवून हळूहळू चालली. मध्ये दोनदा थांबली आणि वाट बघत उभी राहिली. तिला स्वतःला दम लागलेला नव्हता.